समजाअप्पांची रुंद चाकं

बदलीच्या नोकरीत घरमालकांचे प्रश्न पाठ होतात. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, आणि ते सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असते. आम्ही जयभीमवाले, त्यामुळे हे मला नवीन नव्हतं. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या, घाटाखालच्या त्या गावात शाळेवर रुजू झाले तेव्हा खोली विचारायला अप्पांच्या दुकानाची पायरी मी कपाळाला आठ्या घालूनच चढले होते. दोरखंडांच्या वेटोळ्यांमागून भस्म लावलेलं एक कपाळ वर आलं. त्यावर माझ्यापेक्षा जास्त आठ्या होत्या.

"बाई," अप्पा म्हणाले, "झोपताना ग्यास खालनं बंद करता न्हवं?"

"करते की."

"न्हाय, करता वो तुमी. पण समजा, एकांद्या दिवशी इसरलं?"

"तर उठून बंद करीन."

हे उत्तर त्यांना पटलं नाही, पण खोली मिळाली. वरची, गच्चीला लागून. आडनाव त्यांना भाड्याची पहिली पावती लिहिताना कळलं, आणि ते लिहितालिहिता त्यांनी विचारलं ते एवढंच, की गच्चीच्या दाराची कडी आतून नीट बसते का.

गावात त्यांना सगळे समजाअप्पा म्हणत, तोंडावरसुद्धा. अप्पांचं कुठलंही वाक्य 'समजा'वर आलं की जरा थांबायचं आणि मग पुढं काहीतरी फुटायचं, तुटायचं, घसरायचं किंवा पेटायचं. समजा, टाकीचं झाकण उडालं. समजा, एसटी बंद पडली. समजा, दुकानातला रंगाचा डबा आपोआप उघडला. दोर, खिळे, कड्या-कोयंडे, पत्रे, रंग असलं सगळं ते विकायचे, पण विकण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचे. दोर कशाला पाहिजे, कशाला बांधणार, गाठ कोण मारणार. एकदा एकानं पाळण्यासाठी दोर नेला, तर बारशाच्या दिवशी अप्पा सकाळीच त्याच्या घरी हजर. सोबत हमालाच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. बायका नटून उभ्या, बाळ आत्याच्या कडेवर, आणि पाळण्यात आधी पोत्याला झोके दिले गेले. आढं कुरकुरलं नाही, गाठ सरकली नाही, तेव्हा कुठं बाळाचा नंबर लागला. लोक हसले. अप्पा हसले नाहीत. पोतं पडलं तर ज्वारी गोळा करता येते, असं त्यांचं म्हणणं.

ही त्यांची कामाची रीतच होती. नवीन माचा, नवीन शिडी, नवीन झोपाळा, कशावरही माणूस चढायच्या आधी ज्वारीचं पोतं चढायचं. मी पहिल्या महिन्यात इतकी वैतागले होते की दुसरी खोली बघायला लागले. पण अशा माणसावर चिडून राहणं अवघड असतं. आपण आजारी पडलो तर हा आपल्याहून जास्त घाबरणार आहे हे माहीत असतं.

घरात ते आणि अक्का. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं पुण्याला. अक्का म्हणजे थोरली बहीण. अक्कलकोटकडं दिलेली, नवरा गेल्यावर परत माहेरी आलेली. बोलण्यात अर्धं कानडी. धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं त्या सत्तरी गाठलेल्या अप्पांना 'तम्मा' म्हणत, आणि दिवसातून दोनदा तरी रागावत. अप्पांच्या वाट्याची भीती देताना देवानं ती अक्कांच्या वाट्यातून काढून घेतली असावी. विंचू दिसला तर अप्पा टॉर्च शोधायचे, तोवर अक्कांनी त्याला चपलेनं मारून बाहेर टाकलेलं असायचं.

अप्पांनी आयुष्यभर ज्या गोष्टींची धास्ती घेतली त्यातली तोवर एकही घडली नव्हती. घडलं ते वेगळंच. ते दुकानात असताना अक्का माळ्यावरचा हंडा काढायला शिडीवर चढल्या आणि पडल्या. शिडी धड होती, पोत्यानं तपासलेली. अक्कांचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं, सोलापुरात ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर डावा पाय पुरता वाकेना. काठी घेऊन त्या घरातल्या घरात फिरत, पण गाडीत बसणं हा मोठाच प्रश्न झाला. पुण्याच्या मुलानं आपली नवी गाडी आणली, ती इतकी खुजी की अक्कांना त्यात वाकून शिरता येईना. मग कुणाची तरी उंच जीप आणली, तर पाय तेवढा वर उचलेना. अक्का जीपच्या दाराला धरून उभ्या आणि आम्ही चौघं मागून ढकलतोय, असा प्रकार झाला. शेवटी अक्काच म्हणाल्या, "साकु. पुरं करा. मी काय कापसाची गाठ हाय व्हय?"

त्यांना बसता येईल अशी गाडी जगात एकच होती, आणि ती दुकानाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

ती अप्पांच्या वडिलांची, आण्णांची. हैदराबादकडच्या कुठल्याशा कंत्राटदाराकडून घेतलेली, पाठीला गोल, पुढं लांब नाकाची, काळी. तिची पुढची दारं उलटी उघडत आणि अगदी सताड उघडत. आतली गादी खुर्चीच्या उंचीची. अक्का पाठमोऱ्या खाटेवर बसल्यासारख्या बसायच्या, मग अप्पा त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचे. झालं. महिन्यातून एकदा सोलापूरचा दवाखाना आणि वर्षातून दोन-तीनदा घाटातून देवीकडं, एवढं तिचं काम. वेग बैलगाडीनंही हसावं असा. निघण्याआधी अप्पा गाडीभोवती पूर्ण फेरी मारून चारी टायर अंगठ्यानं दाबून बघत. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला एक दगड असे. काळा, पाचर काढल्यासारखा, वडिलांच्या वेळचा. गाडी जिथं उभी राहील तिथं चाकाखाली हा दगड आधी जायचा आणि मग अप्पा ब्रेकवरचा पाय काढायचे. तो दगड सरकवण्याचं काम माझ्याकडं असे, आणि तो नीट बसला का हे अप्पा नंतर स्वतः उतरून बघत.

अक्का बसल्या की भांडण एकाच गोष्टीवरून. काच. अप्पा म्हणायचे, "अक्का, काच वर घे. समजा वारं लागलं." अक्का हँडल फिरवून ती पार खाली करायच्या आणि कोपर बाहेर काढायच्या. वारं लागावं म्हणूनच तर बाहेर पडायचं, असं त्यांचं साधं म्हणणं.

मग एके दिवशी दवाखान्यातून परत येताना पुढचा टायर फुटला. मी मागं बसले होते. गाडी कशीबशी कांद्याच्या शेताच्या बांधाला टेकून थांबली. कुणाला काही झालं नाही. अक्का तर म्हणाल्या, आवाज चांगला मोठा झाला. पण अप्पा स्टिअरिंग धरून बसले ते बोटं सोडेचनात. एकेक बोट मी सोडवलं. टायर भेगाळून गेले होते, आणि त्या अरुंद मापाचे टायर आता कुणी बनवतच नव्हतं. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आणली, शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री ओढली आणि अप्पांनी तिला चारी बाजूंनी दोर बांधून टाकला.

"आता न्हाय," ते म्हणाले. "समजा घाटात झालं असतं."

अक्कांची खाट रस्त्याकडच्या खिडकीला लागून होती. तिथून त्या दिवसभर देवीला जाणाऱ्या गाड्या बघत, कुठल्या पासिंगच्या आहेत ते ओळखत, मला शाळेतून आल्यावर सांगत. गाडी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर अक्कांनी खाट फिरवून घेतली होती. तोंड भिंतीकडं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जायचंच न्हाय तर बघायचं कशाला बाई?"

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. अप्पा दारात उभे होते, त्यांनीही ते ऐकलं. ते परत दुकानात गेले आणि एक गिऱ्हाईक दोर मागत होतं, त्याला त्यांनी काही न विचारता दोर कापून दिला. तेव्हाच मला कळलं की हे आता काहीतरी करणार.

मग सोलापुरातल्या जुन्या गॅरेजांच्या गल्ल्या आल्या. टायर मिळाले नाहीत, रशीदभाई मिळाले. भरदार अंगाचे, मोठ्या आवाजाचे, आणि अप्पांना जेवढी भीती तेवढी त्यांना खात्री. त्यांनी सांगितलं, जुन्या चाकांचा नादच सोडा. एका जीपची चाकं अशी आहेत की त्यांची भोकं या गाडीच्या बोल्टांना बसतात. चाक रुंद, त्यावर टायर रुंद, रस्त्याला घट्ट धरून चालेल. अप्पांनी ते चाक बघितलं. जुन्या चाकाच्या दीडपट रुंद होतं. ते गाडीला लावलं की मडगार्डच्या पार कडेपर्यंत बाहेर येत होतं.

"समजा, मडगार्डला घासलं?"

"घासेगा ना," रशीदभाई आनंदानं म्हणाले. "पिछे का मडगार्ड अंदर से ठोकके कड मोड देता मैं. पाच मिनिट का काम. हौ बोलो नई तो नक्को बोलो."

अप्पा नक्को बोलले. वडिलांच्या गाडीला हातोडी लागणार नाही. त्या पत्र्याला आजवर पोचा पडला नव्हता. वडील स्वतः धोतर खोचून ती धुवायचे. समजा जुना पत्रा ठोकताना फाटला, तर तसला पत्रा आणायचा कुठून? रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं की चाकं लावायची, कड तशीच ठेवायची, आणि अप्पांनी आपली रीत वापरून बघायची.

त्या सकाळी गावाची चांगली करमणूक झाली. गाडी शेडबाहेर काढलेली, खाली नवी जाड काळी चाकं. शर्ट धाकट्या भावाचा आणि बूट थोरल्याचे घातल्यासारखी दिसत होती. हमालांनी मागच्या गादीवर ज्वारीची पोती बसवली, माणसांच्या जागी, सरळ. पुढं अक्कांच्या जागेसाठी मात्र अप्पांना बरोब्बर वजन पाहिजे होतं. त्यांनी अक्कांना दुकानाच्या काट्यावर बसवलं.

"मला जोखून घेतोस व्हय रे तम्मा? इकायला काढतोस का?"

मग एका पोत्यातली ज्वारी कमी करत करत ते अक्कांच्या वजनाला आणलं, तोंड बांधलं आणि पुढच्या गादीवर ठेवून दोरानं आवळलं. अक्कांनी खाट परत खिडकीकडं फिरवून घेतली होती. तिथून त्या ओरडल्या, "काच खाली कर त्याची! गुदमरंल ते!"

पोती घेऊन अप्पा दिवसभर फिरले. गावातून, शेतवाटेनं, खड्ड्यांतून, नाल्याच्या उतारावरून. कुणीतरी विचारलं, "अप्पा, पोत्यांना दर्शनाला नेताय का?" दर थोड्या वेळानं ते उतरत आणि मागचा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून बघत. बोट जात होतं. जेमतेम, पण जात होतं. कुठं घासल्याची खूण नाही. रुंद चाकांमुळे स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की संध्याकाळी अप्पांना ताट उचलवेना. पण चेहऱ्यावरची एक आठी मला कमी दिसली.

"आता समजायला काही राहिलं का?" मी डिवचलं.

"राहतंच वो बाई," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी आम्ही निघालो. अप्पा, पुढं अक्का, मागं शेजारच्या गंगाबाई, त्यांची जाऊ आणि मी. अक्कांनी हिरवं इरकल नेसलं होतं आणि काच अर्थातच खाली. घाट लागला. मागून ट्रक हॉर्न देत होते, देवीच्या गाड्या हळद-कुंकू उधळत पुढं जात होत्या, आणि अप्पांच्या मानेवरून घाम ओघळत होता. प्रत्येक वळणाला ते श्वास धरायचे. त्यांच्यामुळे मीही धरत होते. गाडी मात्र चांगली चालली होती. चाकं रस्ता धरत होती, कुठं आवाज नाही.

आता ते वळण. त्या बाजूनं वर जाताना घाटात एक मोठं उजवं वळण आहे. तिथं आल्यावर डाव्या हाताला, वर कड्याशी, देवीचं गाव पहिल्यांदा दिसतं. देऊळ दिसत नाही, ते खोलात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पण हात जोडायला गाव पुरतं. अक्कांचं तर पाय गेल्यापासून तेवढंच दर्शन होतं. पायऱ्या उतरणं त्यांना जमणार नव्हतं. त्या म्हणायच्या, वळणावरनं दिसलं की देवीला कळतं मी आले.

त्या वळणावर एसटी असो, ट्रक असो, टमटम असो, आतली सगळी माणसं एकदम डावीकडं कलतात. मान बाहेर, हात जोडलेले. अक्का कलल्या. गंगाबाई कलल्या, त्यांची जाऊ माझ्या मांडीवरून पार खिडकीपर्यंत कलली. मी देवीला हात जोडत नाही, पण अक्का म्हणाल्या, "बघा बाई, बघा!" म्हणून मीही कलले.

पोती कलत नाहीत. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अप्पांच्याही नाही, ज्यांच्या डोक्यात जगातलं सगळं येऊन गेलेलं होतं.

डावीकडून कर्रकन आवाज झाला, गाडीला हिसका बसला आणि जळक्या रबराचा वास आला. गंगाबाई किंचाळल्या. अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी चढावर थांबली, डाव्या अंगाला कठडा आणि कठड्यापलीकडं खोल.

"दगड," अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. मी उतरले, डिकी उघडली, चाकाखाली दगड सारला. मग ते उतरले आणि मागच्या डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसले. मडगार्डची कड टायरच्या खांद्यात रुतून तिनं रबराची एक लांब साल काढली होती. अप्पांनी त्या चरावरून बोट फिरवलं. टायर जायला आला की दिसतो तो आतला दोरा दिसत नव्हता. अजून नाही.

"समजा," ते म्हणाले. थांबले. "समजा..." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या 'समजा'ला पुढचं वाक्य नव्हतं. मागं ट्रक अडले होते, हॉर्न चालू होते, एक ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. आणि अप्पा नुसते बसून राहिले. मला खरंच भीती वाटली की हा माणूस आता इथून उठणारच नाही. मग अक्कांना घरी न्यायचं कसं? दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसता येत नव्हतं.

अक्कांना मागचं काही दिसत नव्हतं, पण त्यांनी सगळं ओळखलं होतं. खिडकीतून मान काढून त्या म्हणाल्या, "तम्मा, वर न्हे नाही तर खाली न्हे. गाडी हीच हाय अन घाट बी हाच हाय. ती कड ठोक."

"अक्का, पत्रा... आण्णांनी..."

"आण्णांनी गाडी मला बसायला घेतली का मडगार्डाची पूजा करायला? ठोक."

अप्पांनी इकडं तिकडं बघितलं. हातोडी कुठून असणार? ती तर त्यांनी गाडीच्या आसपास येऊ दिली नव्हती. मग त्यांची नजर दगडावर गेली, तो चाकाखाली होता. ते माझ्याकडं वळले. "बाई, आत बसा. ब्रेक दाबून धरा. सोडू नका."

मी आयुष्यात कुठल्या गाडीच्या ब्रेकला पाय लावला नव्हता. पण आत जाऊन बसले आणि दोन्ही पायांनी दाबला. गंगाबाई आणि त्यांची जाऊ घाटाच्या कडेनं धोंडे शोधून आणत होत्या आणि चाकांखाली सारत होत्या. धोंडे वेडेवाकडे, अप्पांच्या पसंतीला कधीच न उतरणारे. शेजारी अक्का शांत, पदर सावरून बसलेल्या.

"पाय काढू नका बाई," त्या म्हणाल्या, "अन घाबरू बी नका. दोन्ही एकदम जमत न्हाय."

मग मागून ठोका आला. पहिला इतका हलका की दारावर थाप वाटावी. दुसरा जरा जोरात. मग मात्र अप्पा ठोकत सुटले. डिकीतला तो वडिलांच्या हातचा दगड, वडिलांच्या गाडीवर. प्रत्येक ठोक्याला गाडी हादरत होती आणि हादरा माझ्या पायापर्यंत येत होता. मी आरशात बघितलं. अप्पांचं भस्म घामानं पुसून गेलं होतं, आणि ते रडत होते. उघड, लहान मुलासारखे, ठोकता ठोकता. अक्का समोर बघत होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही आणि मलाही म्हणाल्या, बघू नका.

कड आत वळली. पत्रा फाटला नाही. काळा रंग तेवढा टवके उडून गेला. अप्पांनी बोट घालून बघितलं, मग सगळा तळहात घातला. मग दगड परत चाकाखाली सारून त्यांनी आम्हां तिघींना मागं बसवून डावीकडं कलायला लावलं, तिथंच, उभ्या गाडीत, ट्रकवाल्यांच्या देखत. परत बोट घातलं. आणि तशाच उभ्या गाडीतून अक्कांनी देवीच्या गावाकडं बघून हात जोडले. या वेळी घाई नव्हती. बराच वेळ जोडलेले होते.

वर पोचलो, सावकाश परत आलो. आठवड्याभरात रशीदभाई गावात आले, ती वळवलेली कड बघून त्यांनी विचारलं, "अप्पा, ये कौनसे गॅरेज में किया?" अप्पा म्हणाले, "घाटात." त्यांच्या तोंडून असा तोरा मी तेव्हाच एकदा ऐकला. दुसऱ्या बाजूची कड त्यांनी रशीदभाईंना ठोकू दिली, पण डाव्या बाजूला रंग लावू दिला नाही.

त्यानंतर त्यांची नवी रीत झाली. वळणाच्या तोंडाशी गाव दिसलं की गाडी बाजूला घ्यायची, चाकाखाली दगड, मग सगळ्यांनी पाहिजे तेवढं कलून हात जोडायचे आणि मगच निघायचं. 'समजा' कमी झालं असं मात्र अजिबात नाही. आता कड आतल्या आत गंजली तर, अशी नवी काळजी सुरू झाली होती. पण अक्कांची खाट परत कधी भिंतीकडं फिरली नाही.

माझी बदली परांड्याला झाली. अप्पा सामान भरलेल्या टेम्पोचे सगळे दोर स्वतः तपासून गेले. दीडेक वर्षानं अक्का गेल्या. दुपारी जेवून, खिडकीकडं तोंड करून झोपल्या होत्या, तशाच. मी भेटायला गेले तेव्हा अप्पा दुकानातच बसले होते. निघताना म्हणाले, "तिकडं बी ग्यास खालनं बंद करता न्हवं बाई?" मी हो म्हणाले. पुढं 'समजा' आलं नाही, आणि ते न आल्यानं मी एसटीत बसल्यावर फार रडले.

त्यांना शेवटचं बघितलं ते परवाच्या थंडीत. सोलापूरहून तुळजापूरला एसटीनं चालले होते. तिथं शाळेच्या कामाची बैठक होती. गाडी गच्च भरलेली, मी खिडकीशी. घाट चढून ते वळण आलं आणि सगळी एसटी नेहमीप्रमाणं डावीकडं कलली. पलीकडच्या बायका माझ्या अंगावर आल्या. मीही कलले, कारण वळणाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला ती उभी होती. काळी, गोल पाठीची, जाड चाकांची. मागच्या चाकाखाली दगड.

अप्पा एकटेच स्टिअरिंगवर होते. शेजारच्या गादीवर, दोरानं नीट आवळलेलं, तोंड बांधलेलं, ते थोडं कमी भरलेलं पोतं होतं. अप्पांचा एक हात त्याच्यावर होता, पडू नये म्हणून धरतात तसा. ते समोर बघत नव्हते, डावीकडं, गावाकडं बघत होते. एसटी शेजारून निघून गेली, त्यांनी मान वळवली नाही.

एवढ्या थंडीतही पोत्याच्या बाजूची काच खाली केलेली होती. पार खाली.